सुराआधीची सावली

दातांच्या दवाखान्यात येणारा मनुष्य सहसा तोंड उघडायला नाखूश असतो. त्या सकाळी आलेल्या बाई मात्र दारातूनच बोलू लागल्या, आणि रुग्णांच्या खुर्चीत टेकल्यावरही त्यांचे बोलणे थांबले नाही.

"माझ्याकडे चोरी झाली आहे, आणि चोरानं नेलेल्या वस्तूच्या जागी हुबेहूब तशीच वस्तू आणून ठेवली आहे. आता याला चोरी म्हणायचं की थट्टा, ते तुम्ही ठरवा."

दंतवैद्याने सवयीने दिवा त्यांच्या तोंडावर वळवला आणि ओशाळून मागे घेतला. बोलणे त्याच्याशी नव्हतेच. ते खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या बहिणीच्या नवऱ्याशी होते. हे गृहस्थ खाजगी शोधकाम करीत, स्वतंत्र कचेरी थाटणे ही उधळपट्टी मानीत, आणि अशिलांची गाऱ्हाणी मेहुण्याच्या दवाखान्यात ऐकत. मेहुणा त्यांना दाजी म्हणे. पाहता पाहता अशीलही त्यांना दाजीच म्हणू लागले होते.

"सुरुवातीपासून सांगा," दाजी म्हणाले. "आणि त्या खुर्चीला भिऊ नका. आमचे मेहुणे विचारल्याशिवाय कुणाचा दात काढत नाहीत."

बाईंच्या सासऱ्यांनी गाण्याच्या तबकड्या काढणारी कंपनी स्थापन केली होती. सासरे गेले, नवरा गेला, आणि कंपनीची धुरा या सुनेवर आली. कारखान्यातला प्रत्येक जण त्यांना वहिनी म्हणे. यंदा कंपनीचा सुवर्णमहोत्सव होता, आणि निवडक जुन्या तबकड्या नव्याने निघणार होत्या. त्यांचा मुकुटमणी म्हणजे गायिका माईंची तबकडी. एका बाजूवर एकच दीर्घ गाणे. साथीला फक्त पियानो. चाळीस वर्षांत त्या गाण्याची सर दुसऱ्या कशाला आली नव्हती.

"तिच्या कव्हरवर दोन वाक्यं येणार आहेत," वहिनी म्हणाल्या. "एक सासऱ्यांचं, जुनंच: 'एका दमात गायिलेले, एकही जोड नसलेले.' दुसरं माझं: 'मूळ फितीवरून कोरलेले.' आमच्या घराण्यानं खोटं कधी छापलं नाही, दाजी. शुक्रवारी समारंभ आहे. पाहुण्यांसमोर मूळ फीत यंत्रावर चढणार, तिच्यावरून पहिली तबकडी कोरली जाणार. माझ्या धाकट्या दिरांची कल्पना तर अशी, की कॅमेरा फितीवर रोखायचा आणि फिरणारी फीत मोठ्या पडद्यावर दाखवायची. आणि ती फीतच खोटी निघाली!"

"खोटी हे कुणी ठरवलं?"

"मास्तरांनी. तेव्हा गाणं ध्वनिमुद्रित केलं ते त्यांनीच. निवृत्त झाले होते, मी हातापाया पडून परत बोलावलं. काल रंगीत तालीम होती. त्यांनी रीळ चढवलं, कळ दाबली, आणि माईंचा पहिला सूर निघायच्या आधीच कळ बंद करून ओरडले, 'ही माझी फीत नव्हे!' नंतर आम्ही सगळं ऐकलं, तर गाणं तेच, पियानो तोच. पण डब्यातलं रीळ वेगळं, आणि त्यावरचा मास्तरांच्या हातचा शिक्काही नाही. तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं, म्हणून विचारलं, तर तोंडाला कुलूप!"

दंतवैद्य पुढे झुकला. "सूर निघायच्या आधी? मग हा मनुष्य आधीपासूनच जाणत होता!"

"माझे दीर हेच म्हणतात," वहिनी कडवटपणे म्हणाल्या. "मास्तरांना आत घेऊ नका, असं सगळ्यांदेखत सांगितलं त्यांनी. ज्यांचा कान हीच आमची पुंजी, त्या माणसाला कोरणखोलीचं दार बंद! मला शुक्रवारच्या आत दोन्ही हवं आहे, दाजी. फीत, आणि मास्तरांचं नाव स्वच्छ."

मूळ फीत शेवटची खरी कधी होती, असे दाजींनी विचारले. गेल्या महिन्यात मास्तरांनी ती स्वतः तपासली होती. त्यानंतर ती कंपनीच्या फितींच्या भांडाराबाहेर एकदाच आली होती, पोस्टरच्या छायाचित्रासाठी. दिरांनी डबा सासऱ्यांच्या जुन्या खोलीत नेला आणि काम झाल्यावर परत ठेवला. भांडाराच्या किल्ल्या वहिनी, दीर आणि मास्तर या तिघांकडेच होत्या.

"छायाचित्र कुणाचं?"

"माईंचं, दुसऱ्या कुणाचं? हातात डबा घेऊन. दोन पोशाखांची पेटी घेऊन आल्या होत्या. कपडे बदलायला आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि आरशासमोर असा वेळ लावला, की छायाचित्रकार जांभया देऊ लागला." वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आले. "पण स्वारी खुशीत होती. चष्म्याचं घरसुद्धा दुसऱ्याला धरायला लावणारी बाई, त्या दिवशी आपली पेटी आपण उचलून जिना उतरली. कुणाला हात लावू देईना."

*

कंपनीची इमारत जुनी, विटांची आणि स्वच्छ होती. जिन्याच्या भिंतीवर तबकड्यांची कव्हरे चौकटीत लावलेली होती, आणि त्यांखालून जाताना वहिनींची मान आपोआप ताठ होत होती.

कोरणखोलीत त्यांचे दीर उभे होते. कापडाच्या दुकानात शोभावा असा गुळगुळीत, हसतमुख मनुष्य.

"या, या! वहिनींनी शेवटी हेर आणलेच," ते म्हणाले. "मी आधीच कबूल करतो. कंपनी विकावी असं माझं मत आहे. बडे लोक चांगली किंमत देतात. पण फीत मी कशाला चोरू? फितीसकट कंपनी विकली, तरच भाव!"

"आणि फितीशिवाय वहिनी खचल्या, तर विकणं सोपं," दाजी म्हणाले.

"हेही खरं." दीर मनापासून हसले. "पण मी चोर असतो तर डब्यात वीट ठेवली असती. तेच गाणं दुसरीकडून पैदा करायचं, म्हणजे गाणं कळायला हवं. वहिनींना विचारा, मला व्हायोलिन आणि बिजागरी यांतला फरक कळत नाही."

"ते मात्र शंभर टक्के खरं," वहिनी म्हणाल्या.

"संशय घ्यायचा तर मास्तरांवर घ्या. न ऐकताच फीत ओळखणारा कान देवानं अजून घडवलेला नाही."

दाजींनी बदललेली फीत ऐकायची इच्छा दर्शवली. रीळ फिरू लागले. दंतवैद्याने डोळे मिटले. प्रथम नुसती शांतता होती. मग अगदी दूरवर, भिंतीपलीकडे कुणीतरी गुणगुणावे तसा एक क्षीण आवाज त्याला आल्यासारखा वाटला. आणि तो काय असावा हे ठरवायच्या आत माईंचा पहिला सूर खोलीत उभा राहिला, भरदार, स्वच्छ, पहाटेच्या घंटेसारखा.

"शेजारच्या खोलीत कुणी गात होतं का?" दंतवैद्याने नंतर हळूच विचारले.

"शेजारी जिना आहे," दीर म्हणाले. "जिने गात नाहीत."

दंतवैद्य वरमला. दिवसभर दात कोरण्याच्या यंत्राशेजारी उभे राहिल्यावर कान वाजणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दाजींनी मात्र त्याच्याकडे एकदा रोखून पाहिले आणि फीत पुन्हा लावायला सांगितली.

*

मास्तरांनी दार उघडले ते भांडायच्या तयारीने.

"माझा कान सांगतो की ती माझी फीत नव्हे. कानाला साक्षीदार लागत नाही. आणखी काही विचारायचं आहे?"

"एक कप कॉफी मिळेल का, हे," दाजी म्हणाले.

कॉफी आली आणि मास्तरांचा पारा किंचित उतरला. बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट होते. त्यात खाच पाडलेली एक धातूची पट्टी आणि एक पाते मखमलीवर मांडलेले होते, आणि शेजारी काचेच्या लहान डबीत तपकिरी फितीचा वेटोळे घातलेला तुकडा, वेणीच्या रिबिनीएवढा.

"या पट्टीवर फीत तिरपी कापायची आणि जोडायची," मास्तर म्हणाले, आणि त्यांची छाती फुगली. "बढाई नाही मारत. बढाई न जमणारे मारतात. माझा जोड आजवर कुणाच्या कानाला सापडलेला नाही. लोक माझ्या कामाला नावं ठेवायला येत आणि माझी पाठ थोपटून जात."

"आणि डबीतला तुकडा?"

"ते माझं पदक आहे."

"माईंच्या त्या गाण्यात मात्र जोड नाही," दंतवैद्य सहज बोलला. "कव्हरवरच तसं छापलं आहे."

"कॉफी गार होते आहे," मास्तर म्हणाले.

मग विषय बदलावा म्हणून, किंवा आजोबांना राहवत नाही म्हणून, त्यांनी नातीचे पहिले बोबडे बोल ऐकवायला एक रीळ काढले. यंत्रावर चढवून ते आधी उलटे गुंडाळू लागले. रीळ सूं सूं करीत फिरत राहिले. दंतवैद्याची चुळबुळ सुरू झाली.

"अहो मास्तर, मागच्या वेळी ऐकून झाल्यावरच गुंडाळून ठेवली असतीत तर?"

मास्तर असे वळले, की जणू दंतवैद्याने त्यांच्या नातीला दत्तक मागितले.

"गुंडाळून ठेवायची? आमच्या भांडारातल्या कुठल्याही फितीला विचारा! फीत गाण्याचा शेवट बाहेरच्या थरात ठेवून जपायची असते. थरावर थर बसतात. मोठा आवाज शेजारच्या थरावर आपली पुसट छाप सोडतो. शेवट बाहेर असला, की ती सावली सुराच्या मागून येते आणि त्याच्या गुंजनात विरून जाते. सुरुवात बाहेर ठेवून वर्षानुवर्षं पडू द्या, म्हणजे सावली आधी! गाणारीनं तोंड उघडायच्या आत तिचं भूत..."

मास्तर एकाएकी थांबले. त्यांनी दाजींकडे पाहिले, दाजींनी कपाटाकडे पाहिले, आणि यंत्रातून नात बोलू लागली.

रस्त्यावर आल्यावर दंतवैद्य म्हणाला, "माणूस काहीतरी लपवतो आहे, दाजी."

"लपवतो आहेच. पण स्वतःचं नव्हे."

*

माईंच्या दिवाणखान्यात एक प्रशस्त पियानो होता, आणि खिडकीच्या कडेला स्टुडिओत असते तसे एक अवजड ध्वनियंत्र, धुतलेल्या कापडाने झाकलेले. माई काठी टेकीत आल्या, उंच मानेच्या, आणि चष्म्याचे घर त्यांनी दंतवैद्याच्या हातात असे दिले, की जणू तो त्यासाठीच आला होता.

"तुम्ही दातांचे डॉक्टर ना? मग हसायची चोरी झाली माझी. अर्धे दात विकतचे आहेत."

"कुणी केले? काम उत्तम आहे," दंतवैद्य खरेच कौतुकाने म्हणाला.

"चांगलं काम दिसत नाही, हाच त्याचा गुण," माई म्हणाल्या.

दाजींनी यंत्राकडे निर्देश केला.

"वहिनींच्या सासऱ्यांनी दिलं. स्टुडिओत नवं आलं, तेव्हा जुनं माझ्याकडे धाडलं. सोबत माझ्या गाण्यांच्या प्रती. पुष्कळ वर्षं रोज ऐकायची मी. स्वतःच्या चुका ऐकायची हौस असते कलावंताला."

"त्या गाण्याचा दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं?" माईंचा चेहरा उजळला. "खिडकीतून ऊन थेट पियानोवर पडलं होतं, काळं लाकूड तापलं होतं. मी डोळे मिटून सुरू केलं. आणि शेवटचा सूर सोडून डोळे उघडले, तर कुणीतरी दिवे लावलेले. सगळे पुतळ्यासारखे उभे. मास्तर रडत होते. त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून, माझ्यावर खटला भरतील."

"मास्तरांवरच आळ आला आहे, माई," दाजी शांतपणे म्हणाले. "कोरणखोलीचं दार त्यांना बंद झालं आहे."

माईंच्या हातातली काठी जमिनीवर घसरली. दंतवैद्याने ती उचलून दिली. त्यांनी आभार मानले नाहीत.

"उद्या कोरणखोलीत सगळे जमणार आहेत," दाजी उठता उठता म्हणाले. "आपणही यावं. पोशाख हवे तेवढे आणा. पेटीसकट या."

*

दुसऱ्या दिवशी कोरणखोलीत वहिनी, दीर, मास्तर आणि माई असे चौघे बसले होते. माईंची पेटी त्यांच्या पायाशी होती. दंतवैद्य दाराला पाठ लावून उभा होता. आपण पहारा देतो आहोत असे त्याला वाटत होते.

"पहिला मुद्दा," दाजींनी सुरुवात केली. "मास्तरांना सुराआधी कसं कळलं? दीरसाहेबांचा तर्क असा, की त्यांना आधीच ठाऊक होतं. हा तर्क उलटा आहे. फीत मास्तरांनी बदलली असती, तर त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. त्यांच्याखेरीज ती ओळखणारं या खोलीत कुणीच नव्हतं. स्वतःच्या चोरीची दवंडी स्वतः पिटणारा चोर मी अजून पाहिलेला नाही."



"मग कळलं कसं? मास्तरांनी रीळ चढवलं आणि कळ दाबली. बस्स. उलटं गुंडाळावं लागलं नाही. या भांडारातली प्रत्येक फीत शेवट बाहेर ठेवलेली असते. ही मात्र सुरुवात बाहेर ठेवून आली. तिथंच ते चरकले असतील. आणि पाठोपाठ कानानं ग्वाही दिली. सुराच्या आधी सुराची सावली ऐकू आली. ती आमच्या मेहुण्यांनीही ऐकली, फक्त त्यांनी दोष आपल्या कानांना दिला."

"म्हणजे जिना गातच होता!" दंतवैद्य उद्गारला.

"आता ही सावली एका दिवसात पडत नाही. ती फीत वर्षानुवर्षं सुरुवात बाहेर ठेवून पडलेली होती. म्हणून दीरसाहेब सुटले. त्यांनी नवी प्रत करवली असती, तर तिला म्हातारपणाची खूण कुठून येणार? मास्तरही पुन्हा एकदा सुटले. ते नातीच्या बोबड्या बोलांचीसुद्धा फीत शेवट बाहेर ठेवतात. ही प्रत अशा घरातली आहे, जिथं ती हौसेनं ऐकली जाई आणि पुढच्या वेळी लगेच लावता यावी म्हणून लगेच गुंडाळली जाई. त्यासाठी असं मोठं रीळ चढेल असं स्टुडिओचं यंत्र घरात हवं. आणि डबा उघडा असताना खोलीत एकटं राहण्याची संधी हवी. अशी व्यक्ती एकच. चष्म्याचं घर न उचलणाऱ्या माई त्या दिवशी पेटी स्वतः का उचलतात?"

"माई!" वहिनी उभ्याच राहिल्या.

"थांब पोरी, त्यांना पुरं करू दे," माई म्हणाल्या. "मनुष्य छान मांडतो आहे."

"राहिला प्रश्न, का?" दाजी पुढे म्हणाले. "ज्यानं तेच गाणं जागी ठेवलं, त्याला समारंभ मोडायचा नव्हता. कानाला दोन्ही फिती सारख्याच. मास्तरांचा कान सोडा. मग मूळ फितीत असं काय आहे जे प्रतीत नाही? जे ऐकू येत नाही, पण दिसतं. आणि शुक्रवारी ते मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार होतं. गाणं तबकडीच्या एका बाजूचं, अर्ध्या तासाच्या आतलं. ते उन्हात सुरू झालं आणि दिवे लागल्यावर संपलं. मधला वेळ कुठं गेला? मास्तरांच्या पट्टीवर गेला. वहिनी, त्या फितीत जोड आहे. तुमच्या कव्हरवरची दोन वाक्यं एकत्र नांदू शकत नाहीत. मूळ फीत दाखवाल, तर सासऱ्यांचं वाक्य पडतं. सासऱ्यांचं राखाल, तर तुमचं."

माईंनी पेटी उघडली आणि धातूचे रीळ दोन्ही हातांनी टेबलावर ठेवले.

"तू किती अभिमानानं सांगायचीस, की आमच्या घराण्यानं खोटं छापलं नाही," त्या वहिनींना म्हणाल्या. "तुझ्या हातानंच त्यांचा शब्द पडद्यावर फाटावा, हे मला बघवेना. मास्तर ओळखतील हे ठाऊक होतं. चाळीस वर्षं गप्प बसलेला माणूस आणखी एकदा बसेल, असं वाटलं."

"बसलो असतो!" मास्तर कळवळले. "पण तोंडातून निघून गेलं. दुसऱ्याची फीत माझी म्हणून कशी खपवू? नंतर लक्षात आलं की ती कुणाच्या घरची, तेव्हा तोंड बंद केलं."

"पण दम तुटला म्हणून काय झालं, माई?" वहिनी म्हणाल्या. "माणसाचा तुटतो."

माई ताठ बसल्या. "माझा दम? माझा दम तुटला नव्हता! मी ऐन भरात होते. तुझ्या सासऱ्यांना शिंक आली."

"काय?"

"अशी शिंक, की पियानोवाला बाकावरून उडाला. ते इतके शरमले, की संध्याकाळपर्यंत कुणाच्या नजरेला नजर देईनात. मग मी उरलेलं गायले आणि मास्तरांनी सांधलं. जोड कुणाला कळला नाही, तेव्हा या गृहस्थांनी स्वतःची शिंक लपवायला छापून टाकलं: एका दमात! मला विचारलंही नाही."

दाजींनी मास्तरांकडे हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून काचेची डबी काढली. पदक ते बरोबर घेऊनच आले होते. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी कोरी फीत जोडली, यंत्रावर चढवली आणि कळ दाबली. माईंच्या सुराचे एक टोक ऐकू आले, आणि मग खोलीभर एक दणदणीत, निःसंशय, निर्लज्ज शिंक.

वहिनी हसू लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "त्यांचीच," त्या म्हणाल्या. "घर हलायचं या शिंकेनं. पुन्हा लावा, मास्तर."

ती तीनदा लावली गेली. तिसऱ्या वेळी दीरही डोळे पुसत होते. "बाबांचा आवाज आपल्याकडे कुठंच नव्हता," ते म्हणाले. आणि मग मास्तरांपुढे येऊन उभे राहिले. "चुकलो मी, मास्तर. व्हायोलिन आणि बिजागरी."

"कबूल," मास्तर म्हणाले. "पण पडद्याचं काय? फीत फिरवायची की नाही?"

वहिनींनी कव्हरचा नमुना पुढे ओढला. सासऱ्यांचे वाक्य त्यांनी एका रेघेने खोडले. त्या जागी त्यांनी नवा मजकूर लिहिला आणि मोठ्याने वाचला:

"'मूळ फितीवरून कोरलेले. या गाण्यात एक जोड आहे. चाळीस वर्षांत तो कुणाच्या कानाला सापडलेला नाही.' आणि खाली मास्तरांचं नाव, माईंच्या नावाएवढ्याच अक्षरांत. माई, चालेल?"

"एवढ्याच कशाला? त्यांचा अहंकार मावेल एवढ्या अक्षरांत छाप," माई म्हणाल्या.

*

शुक्रवारी सभागृह भरले होते. कोरणयंत्राची सुई काळ्या तबकडीवर टेकली. मागच्या पडद्यावर तपकिरी फीत नदीसारखी वाहू लागली. वहिनींनी जोडाची गोष्ट आधीच सांगून टाकली होती, त्यामुळे सारे सभागृह कान टवकारून बसले होते. मास्तर हाताची घडी घालून यंत्रापाशी उभे होते, आव्हान दिलेल्या मल्लासारखे.

गाणे चढत गेले. ऐन भरात पडद्यावरून जोडावर चिकटवलेला एक तिरपा पांढरा तुकडा सरकला. तो सर्वांनी पाहिला. सूर त्यावरून असा गेला, की त्याला तिथे काही आहे याची वार्ताही नव्हती.

"ऐकू आला?" दाजींनी विचारले.

दंतवैद्याने जीभ दाढांवरून फिरवली. लहानपणी भरलेली एक दाढ तो शोधत होता, आणि ती कोणती हे त्याला आठवत नव्हते.

"नाही," तो अभिमानाने म्हणाला, जणू जोड त्यानेच दिला होता.